सोळावं पाणी

धाकटीचा पांढरा कोट माझ्या दोरीवर वाळतो. गच्चीवर दोऱ्या दोन, एक तिची आणि एक माझी, पण तिच्या दोरीवर दुपारी पाण्याच्या टाकीची सावली येते, म्हणून कोट माझ्याकडे. नऊ वर्षं मी तो बघते आहे. बाह्या कोपरापर्यंत पिवळट, खिशावर ओळखपत्राच्या चिमट्याने पडलेली दोन भोकं. असा कोट मला मिळाला असता तर इस्त्री केल्याशिवाय मी उंबरा ओलांडला नसता. ती तो चुरगळून पिशवीत कोंबते आणि निघते.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. खाली आम्ही आणि सासूबाई, वरच्या मजल्यावर ती आणि भावजी. घरात तिला सगळे खळखळ म्हणतात. हे नाव आमच्या यांनी ठेवलं, पण त्याला कारण मी. ते आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्या प्रकरणात माझा वाटा कुठे संपतो आणि तिचा कुठे सुरू होतो, यावरूनच माझं डोकं फिरलं होतं.

लग्न होऊन आली तेव्हा तिने धुतलेली भांडी बघवत नसत. पेल्याच्या तळाशी फेस, ताटावरून बोट फिरवलं तर बुळबुळीत. सासूबाई म्हणाल्या, थोरली आहेस, वळण लाव. मी तिला देवाची भांडी धुवायला बसवलं. आमच्या माहेरची रीत अशी, की साबण लावून झाला की प्रार्थना सुरू करायची आणि एका ओळीला एक पाणी घ्यायचं. ओळ सुरू झाली की भांड्यात पाणी, ओळ संपेपर्यंत हलवायचं, संपली की ओतायचं. पुढच्या ओळीला नवं पाणी. प्रार्थना संपेपर्यंत भांडं खाली ठेवायचं नाही. साबण दिसेनासा झाला म्हणजे गेला असं नाही, हे मी तिला इतक्या वेळा ऐकवलं की ती झोपेतही म्हणाली असती. प्रार्थना अकरा ओळींची. पहिली ओळ पालुपद, ते दर दोन ओळींनंतर परत म्हणायचं.

चाल यायला तिला महिना लागला. गळा बेताचा, शाळा चौथीपर्यंत, तिसरी ओळ सातवीच्या जागी जाऊन बसायची. पण एकदा जमलं ते असं जमलं, की देवाच्या भांड्यांवरून ती चमच्यांवर आली, चमच्यांवरून बरण्यांवर. तोंडातल्या तोंडात पुटपुटत दिवसभर पाणी. हे म्हणाले, सून आणायला गेलो आणि ओढा घेऊन आलो. तेव्हापासून खळखळ. मी स्वतः मात्र ती रीत देवाच्या चार भांड्यांपुरतीच ठेवली होती. घरच्या प्रत्येक वाटीला कोण प्रार्थना म्हणत बसणार?

भावजी इथल्या प्रयोगशाळेत पहारेकरी होते. त्यांचा गुडघा गेला तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी निरोप पाठवला, बाटल्या धुवायची एक जागा आहे, घरातलं कोणी येत असेल तर पाठवा. या डॉक्टरबाई माणसांना तपासत नाहीत, माशांचे रोग शोधतात. निरोप आधी माझ्याकडे आला. मी मॅट्रिक. अक्षर असं की शाळेत फळ्यावरचा सुविचार रोज माझ्याच हातचा. मी म्हणाले, "भांडी घासायला घराबाहेर कशाला जाऊ? घरात काय कमी पडलीत?" वाक्य माझंच आहे, दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही. धाकटीने पायात चपला अडकवल्या आणि गेली.

नऊ वर्षं ती तिथे जिन्याखालच्या मोरीत बाटल्या धूत होती, कच्च्या नेमणुकीवर, आणि मला तिचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडी कीवच यायची. कीव फार सोयीची असते, तिला काही खर्च नाही.

मग ते पाच गावांचं सुरू झालं. आमच्या नदीकाठी तळ्यांत मासे पाळतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्यावर रोग आला. कल्ले काळे पडायचे आणि सकाळी बघावं तर तळंभर उलटी पांढरी पोटं. वरच्या गावचा रोग पाण्याबरोबर खालच्या गावी उतरायचा, आणि नदीकाठच्या पाच प्रयोगशाळा आपापली दारं लावून तोच तो शोध लावत बसायच्या. शेवटी पाचांनी मिळून काम करायचं ठरवलं. माशाच्या कल्ल्यातल्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवायच्या, त्यांच्यावर रोग सोडायचा, आणि कोणती लस लागू पडते ते बघायचं. सगळीकडे त्याच पेशी, तेच खाद्य, सुरुवातही एकाच वारी. पाचही ठिकाणी सारखं उत्तर आलं तरच ते खरं धरायचं. दर सोमवारी पाचही गावची मंडळी पडद्यावर एकमेकांसमोर बसत. हे सगळं धाकटी जिना उतरता उतरता सांगायची आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

झालं असं, की आमच्याकडच्या पेशी तरारून वाढल्या आणि बाकी चारही ठिकाणच्या तिसऱ्या दिवशी मेल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एका गावच्या साहेबांनी पडद्यावरच विचारलं म्हणे, तुमच्याकडे निकालाचा तक्ता पेशी भरतात की माणसं? डॉक्टरबाईंना ते फार लागलं. मग एकेक गोष्ट अदलाबदल करून बघितली. यांचं खाद्य त्यांना, त्यांचं पाणी यांना. काही फरक नाही. शेवटी डॉक्टरबाईंनी आमच्याकडच्या धुतलेल्या रिकाम्या बाटल्या खोक्यांत भरून चारही गावी पाठवल्या. त्या बाटल्यांत मात्र पेशी जगल्या. म्हणजे कोणाला न दिसणारा साबण बाकीच्या बाटल्यांना चिकटून राहत होता आणि पेशींना मारत होता. तेव्हा कुठे पाच गावच्या शहाण्यांनी जिन्याखाली वाकून बघितलं.

वर्तमानपत्रात फोटो आला. पाच गावचे पाच प्रमुख आणि कडेला बाटली धरून आमची खळखळ, डोळे मिटलेले. यांनी तो कापून स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवला. माझ्या कपाटावर. सासूबाई आल्यागेल्याला दाखवू लागल्या, आमची धाकटी शास्त्रज्ञांना धडे देते. मी बाजूला चहा गाळत असायचे. एकोणतीस वर्षं मी या घरात चहा गाळते आहे, त्याचा फोटो काढायला कोणी आलेलं नाही.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. भांडी धुवायला तिला शिकवलं कोणी? पाणी कोणाचं, ओळ कोणाची? देवासमोर हात जोडून मी म्हणायचे, "देवा, तिचं भलं कर," आणि डोळे उघडायच्या आत मनात यायचं, पण इतकं कशाला? तिचा कोट मी दोरीवरून सावलीत सरकवला. एकदा नाही, तीनदा. तो दमट कोट घालून गेली आणि दोन दिवस शिंकत होती. हे वहीत लिहिलेलं आहे.

वहीचं सांगायला हवं. मी रोज सकाळी दिवा लावून झाला की देवासमोर बसून आदल्या दिवसाचं एक पान लिहिते. देवासमोर लिहायचं, म्हणून खोटं लिहायचं नाही, एवढा एकच नियम. एकवीस वर्षांत एकही पान कोरं गेलं नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी धाकटी कागद घेऊन माझ्यासमोर बसली. डॉक्टरबाईंनी तिची रीत लिहून मागितली होती. त्यांनी आधी स्वतः शेजारी उभं राहून मोजायचा प्रयत्न केला होता, पण एकदा नऊ पाणी भरली, एकदा चौदा, आणि एकदा बाटलीच हातातून सुटली. कोणी बघत उभं राहिलं की हिची ओळ तुटते. आणि आपण प्रार्थना म्हणतो हे तिने तिथे कोणाला सांगितलंच नव्हतं. शास्त्राची जागा, हसतील म्हणून. मोजायला लागले की ओळ विसरते आणि ओळ धरली की मोजणं विसरते, असं तिचं म्हणणं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, घरी शांतपणे लिहून आण, शुक्रवारी चारही गावी पाठवायचं आहे. जमलं तर तिला नोकरीत कायम करणार होत्या आणि चारही गावी शिकवायला पाठवणार होत्या.

"तुम्हीच शिकवलंत ताई, तुम्हीच मोजून लिहा," ती म्हणाली. "अक्षरही तुमचंच बरं."

मी साबण किती, ब्रश कसा, बाटलीची मान आतून कशी घासायची, सगळं विचारून विचारून लिहिलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, खाली नाव कोणाचं घालू? ती लाजली. डॉक्टरबाईंनी तिचंच घालायला सांगितलं होतं.

पाण्याचा आकडा तेवढा लिहायचा राहिला होता.

"ओळी अकराच ना ताई?"

"अकराच," मी म्हणाले, आणि तेच लिहिलं. अकरा वेळा पाणी.

ओळी अकराच आहेत, हे खोटं नव्हतं. पण पालुपद पाच वेळा परत येतं आणि प्रत्येक वेळी त्याचंही एक पाणी असतं. अकरा आणि पाच, सोळा. हे मला लेखणी टेकवायच्या आधी ठाऊक होतं. वाटलं, होऊ दे की जरा फजिती. मग येतील विचारत, की बाई, हे मुळात कोणाचं? कागद छान दिसत होता. धाकटीने तो दोन्ही हातांनी उचलला आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली. तारीख घातली आणि पुढे हात चालेना. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहवत नाही. पान कोरं ठेवून मी वही मिटली. त्यानंतरची पानं भरली, पण उघडताना वही नेमकी त्याच पानावर उघडायला लागली.

तीन आठवडे गेले. सोमवारी धाकटी लवकर घरी आली आणि वर न जाता स्वयंपाकघराच्या दारात खाली बसली. कोट अजून अंगातच होता. दोन गावांनी कागदाबरहुकूम बाटल्या धुतल्या होत्या आणि त्यांच्या पेशी पाचव्या दिवशी मेल्या होत्या. पडद्यावर सगळ्यांदेखत त्याच साहेबांनी डॉक्टरबाईंना विचारलं, तुमची बाई हातचं राखून सांगते का? मिळून काम करायचं म्हणता आणि खरं ते घरात ठेवता? डॉक्टरबाईंनी नुसतं मोरीकडे बघितलं. कायम नेमणुकीचा कागद सहीसाठी टेबलावर होता, तो त्यांनी खणात ठेवला. पुढच्या सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही तर आमची प्रयोगशाळा या कामातून बाहेर, असं ठरलं.

"मी काही राखलं नाही हो ताई," ती म्हणाली. "राखायला मला येतं तरी काय?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, माझ्या मोरीतला खरकटा पेला घेतला आणि धुवायला लागली. ओठ हलत होते. मी पाठीमागे उभी राहून मोजलं. सोळा.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. त्या इमारतीत माझं हे पहिलंच पाऊल. फाटकापासून जिन्यापर्यंत लोक तिला हाक मारून विचारत होते, बाटलीताई, काही कळलं का? मोरी आमच्या स्वयंपाकघराएवढीच, पण पांढऱ्या फरशीची. दोन नळ साधे, तिसरा गाळून शुद्ध केलेल्या पाण्याचा. खिळ्याला रबरी एप्रन. आणि नळांच्या वर, भिंतीवर, चिकटपट्टीने लावलेला पिवळा पडलेला कागद: थोरल्या जाऊबाईंचा नियम. साबण दिसेनासा झाला म्हणजे गेला असं नाही.

डॉक्टरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. वयाने धाकटीएवढ्या. म्हणाल्या, "म्हणजे त्या थोरल्या जाऊबाई तुम्ही. सात वर्षं तुमचा कागद आहे इथे. नवीन मुलं आली की आधी हा वाचायला लावतो."

मला तो कागद वाचून आनंद व्हायला हवा होता. मला आईची आठवण आली. वाक्य माझं कुठे होतं? वाक्य आईचं होतं, आणि इतक्या वर्षांत मी धाकटीला एकदाही ते सांगितलं नव्हतं.

मी डॉक्टरबाईंना प्रार्थनेचं सांगितलं. एका ओळीला एक पाणी कसं, तेही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दाखवा. धाकटीने बाटली घेतली आणि डॉक्टरबाईंकडे बघून तिची पहिलीच ओळ अडली. तेव्हा मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. त्या फरशीच्या खोलीत माझा आवाज मलाच परका वाटला. तिने वर बघितलं नाही. हात चालायला लागले. पाणी भरणं, हलवणं, ओतणं, जसं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघी देवघरापुढे बसायचो तसं. शेवटचं पालुपद आलं आणि तिने आपणहून तिसऱ्या नळाचं पाणी घेतलं. डॉक्टरबाई तळहातावर पेनाने रेघा ओढत होत्या.

"सोळा," त्या म्हणाल्या. "कागदावर अकरा आहे. पालुपद धरायचं राहिलं वाटतं लिहिताना?"

वाट त्यांनीच काढून दिली आणि मी तिच्यावरून चालत गेले. "हो," मी म्हणाले. त्यांनी लगेच चारही गावी निरोप धाडला.

संध्याकाळी आम्ही दोघी बरोबर घरी निघालो. ती हलकी झाली होती, वाटेतल्या प्रत्येक दुकानाबद्दल काहीतरी बोलत होती. वळणावरच्या गिरणीपाशी मी थांबले आणि म्हणाले, "मी विसरले नव्हते. मला सोळा ठाऊक होते."

गिरणी चालू होती. तिला ऐकू आलं नाही असं मला वाटलं, पण आलं होतं.

"का?" एवढंच तिने विचारलं.

जे होतं ते सांगितलं. "तुझा फोटो माझ्या कपाटावर लावला म्हणून."

ती एकटीच पुढे निघाली. मी मागून. घरी आल्यावर ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेली, कपाटावरचा फोटो नखाने सोडवला आणि वर घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून कोट तिच्या दोरीवर दिसायला लागला, टाकीच्या सावलीत.

सासूबाईंनी विचारलं, दोघींचं काही वाजलं का? तिने सांगितलं नाही आणि मीही नाही. देवासमोर मात्र ते कोरं पान काढलं. सगळं एका पानात मावेना, म्हणून हे एवढं लांबलं आहे.

पेशी जगल्या. चारही गावांत तिसरा दिवस गेला, पाचवा गेला, दहावा गेला. पाचही तक्ते सारखे यायला लागले आणि आता त्यांचं लसीचं काम पुढे सरकलं आहे. खणातला कागद वर आला, त्यावर सही झाली, आणि धाकटी महिनाभरासाठी चारही गावी शिकवायला निघाली. निघायच्या आदल्या दिवशी मी जिन्याशी जाऊन म्हणाले, तिथे सगळे बघत उभे राहतील, तुझी ओळ तुटेल, मी येऊ का बरोबर म्हणायला? पिशवी बांधता बांधता ती म्हणाली, "नको ताई. आता आकडा आहे ना." आवाज साधा होता, त्यात टोमणा नव्हता. मी खाली आले. आमच्या माहेरची प्रार्थना, आणि तिच्याऐवजी एक आकडा. माझ्या हातचा कागद आता चारही गावच्या भिंतींवर आहे, अकरा खोडून सोळा केलेला. खाली नाव तिचं.

मत्सर गेला असं लिहिणार नाही. तो पुटपुटतो अजून, तिच्यासारखाच, तोंडातल्या तोंडात.

काल सकाळी, मी दिवा लावतच होते, तिचा फोन आला. शेवटच्या गावातून. गेल्या महिन्याभरात तिने मला केलेला पहिलाच. तिथे बाटल्या धुणाऱ्या बाईने तिला पकडलं होतं, आकडा म्हणता म्हणता तुमचे ओठ आकड्यापेक्षा जास्त हलतात, काय म्हणता ते मलाही सांगा. धाकटीने तिला ओळी शिकवल्या, पण पालुपदाची चाल हिच्याच गळ्यातून सुरात निघत नाही तर ती काय शिकवणार?

"मी तिला सांगितलं, ही चाल माझ्या जाऊबाईंची," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणून दाखवा."

"माझी नाही, आईची," मी म्हणाले. "माझ्या आईची. तेही सांग तिला."

"सांगते. म्हणा आता, बाटल्या खोळंबल्यात."

मी दिव्यासमोर उभी राहून पहिली ओळ म्हटली. पलीकडे नळ सुटला. मग दोन आवाज माझ्या मागून आले, एक ओळखीचा, बेसूर, आणि एक नवा. सोळा पाणी झाली, नळ बंद झाला आणि फोनही.

त्या बाईचा गळा माझ्यापेक्षा गोड आहे. हेही लिहून ठेवते.